तिसरं पेडल

शनिवार, १ एप्रिल २०२३. सकाळी ६.४०

ठरलं. स्पोर्ट्‌स कार घ्यायची. (आजच्या तारखेचा आणि या निर्णयाचा काही संबंध नाही.)

कारणं अशी. मुलं आपापल्या गावी गेली. सात सीटच्या मिनीव्हॅनमधून मी रोज सहा रिकाम्या सीट ऑफिसला नेतो आणि संध्याकाळी परत आणतो. वय त्रेपन्न. आणि खरं कारण म्हणजे कोरीनला दिलेला शब्द. १९९८च्या जुलैत हनिमूनला आम्ही उत्तरेकडे गेलो होतो, सरोवराच्या काठाने झाडांच्या बोगद्यातून जाणाऱ्या त्या रस्त्याने, माझ्या आईच्या तपकिरी स्टेशन वॅगनमधून. समोरून एक उघडी लाल गाडी आली आणि गेली. कोरीन खिडकीतून मान बाहेर काढून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मी म्हटलं, पंचवीस वर्षांच्या आत तुला अशा गाडीतून याच रस्त्याने नेतो. मीच चालवणार.

येत्या १८ जुलैला लग्नाला पंचवीस वर्षं होतात. तिने या गोष्टीची आठवण एकदाही काढलेली नाही. तेच जास्त लागतं.

अटी: खिशाला परवडली पाहिजे. रोज ऑफिसला नेता आली पाहिजे. वीकेंडला मजा आली पाहिजे. साधी गोष्ट आहे. लोक उगाच बाऊ करतात.

सोमवार, ३ एप्रिल. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत

अभ्यास सुरू. इथे एक सांगायला हवं (कुणाला, माहीत नाही, ही वही मी सोडून कुणी वाचणार नाही): मी ऑफिसच्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. एक यंत्र खुर्चीवर वाळूचं पोतं आपटतं, लाख वेळा. मग मी त्या खुर्चीवर बसतो आणि पास किंवा नापास लिहितो. बावीस वर्षं झाली. बसणं या विषयात मिशिगनमधल्या आमच्या सगळ्या झीलंड गावात माझा हात धरणारा कुणी नाही.

मस्टँग: इन्शुरन्सवाल्याने माझं वय विचारलं आणि मग हप्ता सांगण्याआधी विचारलं, बसलायत ना? बाद.

जुनी कॉर्व्हेट: आमच्या चर्चमध्ये एकाने घराचा दरवाजा पिवळा रंगवला तर वर्षभर चर्चा चालली होती. बाद.

चार दरवाज्यांची वेगवान गाडी: चार दरवाजे दिसले की कोरीन त्यात बागेच्या खताची पोती भरते. बाद.

मियाटा: दोन सीट, उघडं छत, जुनी घेतली तर परवडणारी, पेट्रोल कमी पिणारी. माझी उंची सहा फूट चार इंच. इंटरनेटवर लिहिलंय की उंच माणसांनी आधी बसून बघावं. बसण्याची काळजी मी करत नाही.

गुरुवार, ६ एप्रिल

कुंपणाशी शेजारचा डुएन भेटला. सांगितलं त्याला, स्पोर्ट्‌स कार घेतोय, आणि घेणार तर हाताने गिअर टाकायचीच घेणार. ऑटोमॅटिक म्हणजे काय, बस. डुएनने विचारलं, तुला गिअरची चालवता येते का रे? आमच्या गल्लीत तर कुणालाच येत नाही. मी नुसता हसलो. त्याने ते हो समजून घेतलं, त्याला मी काय करणार.

आणि येतेच की. १९९१ साली चुलतभाऊ लायलच्या गाडीतून मी मॅकिनॉचा पूल ओलांडलाय, पाच मैलांचा, सोसाट्याच्या वाऱ्यात. स्टिअरिंग लायलच्या हातात होतं, पण गिअर कधी बदलायचा ते मी सांगत होतो. निदान टोलनाक्यापर्यंत. त्यानंतर डोळा लागला. तात्पर्य, तंत्र मला ठाऊक आहे. फक्त पायांना सांगायचं राहिलंय.

रविवार, ९ एप्रिल. ईस्टर

सासऱ्यांकडे जेवण. हॅम, बटाटे, कोरीनच्या हातच्या हिरव्या शेंगा. विषय गाड्यांवर आला म्हणून मी पुलाची गोष्ट सांगितली. यंदा वारा ताशी सत्तर मैल होता. (गेल्या वर्षी साठ होता. पण आठवणी हळूहळूच स्पष्ट होतात.)

मिस्टर पोस्टमा, म्हणजे सासरे, वय चौऱ्याऐंशी, आयुष्यभर ब्लूबेरीची शेती केली, बोलणं मोजकं. पंचवीस वर्षांत त्यांनी मला एकदाही हार्म या पहिल्या नावाने हाक मार असं सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं, पुलाच्या चढाला कितवा गिअर होता? मी म्हटलं, मधला. ते म्हणाले, असं का. मग एक बटाटा पूर्ण खाऊन झाल्यावर म्हणाले की कोरीन अकरा वर्षांची होती तेव्हा पावसात रुतलेला बेरीचा ट्रक तिने एकटीने बाहेर काढला होता, पायाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून. मी म्हटलं, शेतातल्या गाड्यांचं वेगळं असतं. कोरीनने मला आणखी शेंगा वाढल्या, मी मागितल्या नव्हत्या.

शनिवार, २२ एप्रिल. दुपारी ४

घेतली!

विकणाऱ्या बाई डॉ. ओम्स, दातांच्या निवृत्त डॉक्टर, वय शहात्तर, सॉगटकला राहतात. लाल मियाटा, २००९ची, पाच गिअर, गराजमध्ये चादर पांघरून झोपवलेली. बाई म्हणाल्या, चालवून बघा. मी म्हटलं, तुम्ही चालवा, मला बाजूच्या सीटचा अंदाज घ्यायचाय, माझा व्यवसायच तो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. असं त्या पेशंटच्या तोंडात बघत असणार. मग चालवायला बसल्या आणि सरोवराकाठच्या वळणांवरून अशी नेली की मी दोन्ही हातांनी दाराची कडी धरून बसलो. डोकं समोरच्या काचेच्या वर जातं. एक माशी कपाळावर आपटून गेली. सीट मात्र फर्स्ट क्लास.

घरापर्यंत बाईंनाच आणून द्यायला लावली, मी मागून मिनीव्हॅनने. पाठीत उसण भरल्याचं सांगितलं. मग त्यांना मिनीव्हॅनमधून परत सोडलं. वाटेत त्यांनी एक रिवाज सांगितला. दोन मियाटा समोरासमोर आल्या की चालवणारे स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतात. ओळख नसली तरी. ज्याने उत्तर दिलं तो आपला. ऐकून अंगावर काटा आला. उद्यापासून मीही त्यातला.

कोरीन बाहेर आली. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. मग म्हणाली, अठरा जुलैला त्याच रस्त्याने? मी म्हटलं, त्याच. म्हणाली, तू चालवणार? मी म्हटलं, मग काय तुझे बाबा? ती घाईघाईने आत गेली आणि स्वयंपाकघरातून तिच्या खोकल्याचा आवाज बराच वेळ येत होता. फुलांचे परागकण हवेत असतात या दिवसांत.

रविवार, २३ एप्रिल

गराजमध्ये सराव, इंजिन बंद ठेवून. क्लच दाबला, पहिला. क्लच दाबला, दुसरा. आवाज तोंडाने काढला. तिसऱ्याला पोचलो तेव्हा दारात डुएन उभा होता, पानं गोळा करायचं यंत्र परत द्यायला आला होता. म्हणाला, छान आवाज आहे इंजिनाचा.

सोमवार, २४ एप्रिल

मियाटा नेली नाही. हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ रस्त्यावर अजून आहे, गंज धरेल.

गुरुवार, २७ एप्रिल

नेली नाही. पाऊस येणार म्हणत होते. (आला नाही.)

मंगळवार, २ मे

नेली नाही. हरणं बाहेर पडायचे दिवस.

शुक्रवार, ५ मे

कोरीनने विचारलं, रोज नेणार होतास ना? मी म्हटलं, आधी गाडीला घराची सवय व्हायला हवी. ती म्हणाली, मांजराची होते तशी? मी म्हटलं, साधारण तशीच. मिनीव्हॅनने गेलो.

शनिवार, १३ मे. दुपारी

चर्चच्या मोकळ्या पार्किंगमध्ये प्रत्यक्ष सराव. घर ते चर्च चार चौक. पोचायला एकोणतीस मिनिटं लागली, त्यात गाडी चौदा वेळा बंद पडली. तरी सुरुवात म्हणून वाईट नाही. एका क्षणी समोरून एक निळी मियाटा आली. मी दोन बोटं उचलायला गेलो तोच माझी गाडी दोन गचके खाऊन थांबली. निळ्यातला माणूस काच खाली करून म्हणाला, काही मदत हवीय का? मी म्हटलं, नको, मी विचार करतोय.

पार्किंगमध्ये पोचलो तोच आत चर्चच्या समितीची बैठक सुटली आणि सगळे माझ्याभोवती जमा झाले. गाडीचं कौतुक केलं. अध्यक्ष म्हणाले, मेमोरियल डेच्या मिरवणुकीत आपल्या झायल्स्ट्रा आजींना, वय सत्त्याण्णव, चर्चमधल्या सगळ्यांत वडील, या उघड्या गाडीतून नेलं तर किती शोभेल, नाही का? नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, आनंदाने.

बुधवार, १७ मे

मिरवणुकीचा विचार केला. चालण्याच्या वेगात जायचंय. हळू चालवणं सोपं असतं. घाबरण्यासारखं काही नाही.

सोमवार, २९ मे. मेमोरियल डे. संध्याकाळी

रस्ता मोकळा असावा म्हणून सकाळी सहालाच मिरवणुकीच्या जागी नेऊन उभी केली. नऊ वाजता आजी आल्या, फुलांची टोपी घालून, हातात छोटा झेंडा. पुढे शाळेचं बँडपथक, मागे अग्निशमन दलाचा बंब.

बँड वाजायला लागला. मी क्लच सोडला. गाडीने उडी मारली, आजींची टोपी त्यांच्या नाकावर आली आणि इंजिन बंद. पुन्हा. पुन्हा. बँडवाले तोवर पुढे गेले आणि एकच सूर लांबवत जागच्या जागी पाय आपटत थांबले. मागच्या बंबाने दिवे लावले, का ते कळलं नाही. फुटपाथवर सगळं गाव खुर्च्या टाकून बसलेलं, त्यातल्या निम्म्या खुर्च्या आमच्याच कारखान्याच्या. चांगल्या होत्या.

पाचव्यांदा बंद पडल्यावर आजी म्हणाल्या, बाळा, मला दार उघडून दे. मी उघडून दिलं. त्या उतरल्या आणि झेंडा हलवत चालायला लागल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग चर्चचे सहा जण आले आणि मला ढकलत, मिरवणूक संपते त्या स्मशानभूमीपर्यंत नेलं. आजी माझ्या आधी पोचल्या.

एका परीने हेच योग्य झालं. शहिदांच्या दिवशी इंजिनाचा आवाज कशाला. रात्री जेवताना हे कोरीनला सांगितलं. तिने माझ्या कानांकडे बघितलं आणि सूप वाढलं.

गुरुवार, १ जून

शेवटचा उपाय. ड्रायव्हिंग स्कूलला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, आमच्याकडे गिअरची गाडी नाही आणि शिकवणारंही कुणी नाही, आमच्या सरांनी तसली गाडी फक्त चित्रात बघितलीय.

मग डॉ. ओम्सना फोन केला. सांगितलं की जुनं तंत्र जरा घासून घ्यायचंय. त्या म्हणाल्या, बुधवारी चारला या. मला गाडी विकतानाच वाटलं होतं तुम्ही येणार म्हणून.

बुधवार, ७ जून

पहिला धडा, त्यांच्या गावच्या स्मशानभूमीत. रस्ते सपाट, रहदारी नाही, तक्रार करणारं कुणी नाही. बाई बाजूला बसल्या, मांडीवर गुंडाळलेलं वर्तमानपत्र. माझा डावा पाय घाईत उठला की गुडघ्यावर फटका. म्हणाल्या, क्लच म्हणजे दुखरी दाढ आहे, हळू सोडा. एका तासात सव्वीस वेळा बंद पडली. क्लचचा जळका वास आला. बाईंनी खिडकीतून बाहेर बघत एका थडग्याला म्हटलं, माफ कर एडना.

कोरीनला सांगितलंय की दर बुधवारी ऑफिसात खुर्ची समितीची बैठक असते, आणि मियाटा घेऊनच जातोय, गाडीला जरा मोकळं करायला. तिने समितीसाठी केळ्याचा केक बांधून दिला. म्हणाली, बाईंना आधी दे. मी म्हटलं, कुठल्या बाई? म्हणाली, समितीत एखादी तरी बाई असेलच ना. कोरीन फार समंजस आहे.

बुधवार, २१ जून

नऊ वेळा बंद पडली. केक बाईंना आवडला. म्हणाल्या, बायकोला कळवा. मी म्हटलं, बायकोला माहीत नाही मी इथे येतो. त्यांनी वर्तमानपत्र उलगडून वाचायला घेतलं आणि कितीतरी वेळ ते तोंडासमोरून हलवलंच नाही.

बुधवार, ५ जुलै

सपाटीवर दहापैकी सात वेळा सुटते. दहापैकी सात म्हणजे सत्तर टक्के. सत्तर टक्क्यांना आम्ही खुर्ची पास करतो (स्टोअररूमसाठी). चढ अजून केला नाही. बाई म्हणाल्या, पुढच्या बुधवारी चढ शिकवते, चढाशिवाय निघू नका. मी म्हटलं, मिशिगन सपाट आहे. पुढच्या बुधवारी जायची गरज वाटत नाही.

रविवार, १६ जुलै

मार्ग आखला. पहाटे निघायचं, गावातले सिग्नल सुरू व्हायच्या आधी हायवेला पोचायचं. हायवेवर एकदा पाचवा गिअर पडला की मी कुणालाही भारी आहे. वळणं शक्यतो उजवीकडची. दुपारपर्यंत त्या रस्त्यावर. कोरीनने नवा निळा रुमाल आणलाय डोक्याला बांधायला. आरशासमोर बांधून बघत होती, मी दारातून पाहिलं. तिला पंचवीस वर्षं थांबायला लावलं. आता काही झालं तरी हे जमलंच पाहिजे. इतकी एक गोष्ट जमली तर पुन्हा काही मागणार नाही.

मंगळवार, १८ जुलै. पहाटे ५.०५

निघतोय. छत उघडं. डुएन पायजम्यावर अंगणात उभा राहून बघतोय.

सकाळी ५.१२

आता निघतोय.

सकाळी ७.४०. रेस्ट एरिया

थांबायचं नव्हतं. कोरीन म्हणाली, गॉर्डन, अडीच तास झाले, मला बाथरूमला जायचंय. मी म्हटलं, पुढच्या गावात. ती म्हणाली, हे तू तीन गावांपूर्वीही म्हणाला होतास. थांबलो. गाडी उताराकडे तोंड करून लावली, सुटायला सोपं. डॉ. ओम्सनी हे शिकवलं नव्हतं, माझं स्वतःचं डोकं. (पुढचं नंतर लिहिलंय.) निघताना सुटली, फक्त दुसऱ्या प्रयत्नात.

मग जे झालं ते खरंच छान होतं. वारा, चेरीच्या बागा, कोरीनचा निळा रुमाल फडफडतोय. ती काहीतरी गुणगुणत होती, इंजिनामुळे ऐकू आलं नाही. मी स्वतःशी म्हटलं, गॉर्डन वियर्स्मा, तुला जमलं.

सकाळी १०.०२. पोर्ट ऑल्डन, पुलाशी

गावातून जाणारा रस्ता पुलावर चढतो आणि बोटींना वाट द्यायला हा पूल दर अर्ध्या तासाने उचलतात. घंटा वाजली, दांडा खाली आला, आणि नेमका माझ्या पुढ्यात. मी पहिला. चढावर. मागे तीसेक गाड्या तरी असतील. लगेच मागे एक पिकअप, त्याला बोट जोडलेली. बोटी जाईपर्यंत लिहून घेतोय. कोरीन विचारतेय, काय लिहितोस? म्हटलं, सीटबद्दल.

सकाळी १०.३१. तिथेच

तिथेच.

पूल खाली आला, दांडा वर गेला. मी क्लच सोडला, बंद. पुन्हा, बंद, आणि गाडी एक हात मागे गेली. ब्रेक. पुन्हा, आणखी मागे. पिकअपवाल्याने बोटीसकट गाडी मागे घेतली, मग त्याच्या मागच्याने, मग त्याच्या मागच्याने, पार टेकडीपर्यंत सगळे एक-एक गाडीभर मागे सरकले, मला जागा मिळावी म्हणून. कुणी हॉर्न वाजवला नाही. आमच्याकडे कुणी वाजवत नाही, लोक समजूतदारपणे थांबतात. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. एक माणूस चालत येऊन मला म्हणाला, घाई नाही हं, सावकाश. दुसऱ्याने कोरीनला कॉफी आणून दिली.

अठरा वेळा. जळका वास. मग घंटा वाजली, दांडा खाली आला आणि पूल पुन्हा वर गेला.

आता बसलोय. घाम फुटलाय. कोरीनने कॉफी संपवली, गॉगल काढून डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, उतर.

मंगळवार, १८ जुलै. संध्याकाळी ८. सरोवराकाठी, हॉटेलच्या व्हरांड्यात

उतरलो. तीस गाड्यांसमोर बॉनेटला वळसा घालून पलीकडे जाऊन बसलो. ती इकडे आली, सीट पुढे ओढली, सँडल काढून मागे टाकली, अनवाणी पाय पेडलवर ठेवले. पूल खाली आला. तिने हँडब्रेक सोडला आणि गाडी दुधावरची साय उचलावी तशी उचलली गेली. पुलाच्या पलीकडे पोचेपर्यंत ती तिसऱ्या गिअरमध्ये होती. मागून टाळ्यांचा आवाज आला. पिकअपवाल्याने तेवढ्यासाठी हॉर्न वाजवला.

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं?

म्हणाली, १९९६च्या ऑगस्टपासून. तू पहिल्यांदा आमच्या शेतावर आलास. ओसरीत बसून पुलाची गोष्ट सांगितलीस, तेव्हा वारा तीस मैल होता. मग बाबांच्या ट्रकमध्ये डोकावलास आणि विचारलंस की हे तिसरं पेडल कशाचं आहे.

मला हे आठवत नाही. पण प्रश्न विचारण्यासारखा आहे.

म्हणजे मिस्टर पोस्टमांनाही माहीत होतं. म्हणजे पंचवीस ईस्टर त्या टेबलावर सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे शेंगा खात होते. मी विचारलं, मग बोलली का नाहीस इतकी वर्षं? तिने चौथा टाकला. म्हणाली, तू थापा मारतोस तेव्हा तुझे कान लाल होतात. बाबा त्या रात्री म्हणाले, ज्याचे कान इतके लाल होतात त्याच्याशी लग्न करायला भीती नाही. डॉ. ओम्सचं म्हणशील तर त्यांनी पहिल्या धड्याआधीच मला फोन केला होता, आणि केकची कृती विचारायला पुन्हा, जूनमध्येच.

तेवढ्यात झाडांचा बोगदा सुरू झाला. वर दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींत अडकलेल्या, खाली उन्हाचे तुकडे, झाडांमधून मधेच निळं सरोवर. कोरीन हसत होती. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, रुमाल कधीच उडून गेला होता. मी शब्द दिला होता की तुला या रस्त्याने उघड्या गाडीतून नेईन. तिनेच मला नेलं. मला रडू आलं, आणि ते लाजेचं की कशाचं हे मी ठरवू शकलो नाही. एक भुंगा दातावर आपटला, म्हणून तोंड मिटलं.

समोरून एक पांढरी मियाटा आली. चालवणाऱ्या बाईने दोन बोटं उचलली. कोरीनने दोन बोटं उचलली. मीही उचलली, पण तोवर ती गेली होती.

बाजूची सीट: आराम उत्तम, पाठीला आधार चांगला, उंच माणसाचे गुडघे थोडे वर येतात. पास.

सोमवार, २४ जुलै. सकाळी ८.१०. ऑफिसच्या पार्किंगमध्ये

नवी व्यवस्था. कोरीन मियाटा घेऊन लायब्ररीत कामाला जाते, रोज. रविवारी चर्चनंतर बाबांना बसवून शेताकडे चक्कर मारून आली. मिस्टर पोस्टमा उतरले आणि मला म्हणाले, चांगली गाडी निवडलीस. मग जरा थांबून म्हणाले, मला हार्म म्हणत जा.

म्हणजे माझा अभ्यास शंभर टक्के बरोबर निघाला. परवडणारी, रोजच्या वापराला उत्तम, वीकेंडला मजेची. एप्रिलमध्ये लिहिलेल्या सगळ्या अटी पूर्ण. कोण बसतं हा मुद्दा मी अटींत घातलाच नव्हता.

मी मिनीव्हॅनने आलो, मागच्या सीटवर खताची सहा पोती. आज सकाळी मोठ्या चौकात थांबलो होतो, सिग्नलला. समोरून एक लाल मियाटा आली. मनात म्हटलं, आपण कुठल्या गाडीत बसलोय हे त्याला कुठे दिसतंय, आणि स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली. एप्रिलपासून उचलतोय, आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं.

पलीकडून दोन बोटं उठली.

कोरीन होती, डबा घरी विसरली म्हणून परत निघाली होती.